सोपाऱ्याचा करंडा आणि नॅनोकण
(स्वागताध्यक्षीय भाषण)

नॅनोपदार्थांची सुरक्षितता आणि विषारीपणा तपासणाऱ्या शास्त्रज्ञांचे वसई-विरारनगरीत स्वागत समिती मनःपूर्वक स्वागत करते. विरार लोकलमधून लॅपटॉप आणि शर्टाची बटणे शाबूत ठेवून जे उतरले, त्यांचे विशेष अभिनंदन!

पाहुण्यांना गावाचा इतिहास ऐकवायचा नाही, असे समितीत ठरले होते. स्वागताध्यक्षांचा त्या ठरावाला विरोध होता. चिमाजी अप्पांनी १७३९मध्ये वसईचा किल्ला घेतला, हे शाळकरी पोरही सांगते. पंडित भगवानलाल इंद्रजी मात्र इथे कुणाच्या फारसे ओठांवर नाहीत. गृहस्थ जुनागढचे, डॉ. भाऊ दाजी लाडांच्या तालमीत तयार झालेले. १८८२ साली त्यांनी सोपाऱ्याचा ‘बुरूड राजाचा कोट’ खणला आणि निघाला बौद्ध स्तूप. पोटात दगडी पेटी, पेटीत तांब्याचा करंडा, भोवती आठ मूर्ती. तांब्यात चांदीचा, चांदीत दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. आणि त्या सोन्यात काय? मातीच्या भांड्याचे तुकडे! बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले. पंडितजींनी एकेक थर नोंदवून ठेवला.

नॅनोकणाचेही असेच, हे स्वागताध्यक्षांचे मत जाणकारांनी सांभाळून घ्यावे. गाभा एक, लेप दुसरा आणि रक्तात शिरताच वर प्रथिनांचे तिसरे कवच. पेशीची गाठ पडते ती त्या कवचाशी. बाटलीवरचे लेबल वाचून विषारीपणा ठरवता येत नाही.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि सहकाऱ्यांनी गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी नॅनोकण घडवले. २००४मध्ये ते काम ‘नेचर मटेरिअल्स’मध्ये आले. गवती चहा वसईच्या वाडीवाडीत आहे, एवढी नोंद समिती करून ठेवते! पण असे कण मोजणे सोपे नाही. विखुरलेल्या प्रकाशावरून माप काढणारे यंत्र कण गोलच धरून चालते. त्रिकोण ओळखायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. शिवाय द्रवात मोजके मोठे गठ्ठे असले, तरी तेच बहुतेक प्रकाश विखुरतात आणि बारीक कण झाकले जातात.

आता उणिवा. सभागृहाचे दोन पंखे कुरकुरतात, पाणी टँकरचे आहे, निवासाच्या खोल्या कमी पडल्याने काहींना तिघे-तिघे राहावे लागेल. वालीवच्या कारखानदारांनी जनरेटर दिला, बागायतदारांनी केळी आणि सुकेळी, कोळीवाड्यातल्या मावश्यांनी जेवणाची बाजू उचलली. मंडपवाल्याने तर आगाऊ पैसेही मागितले नाहीत. समिती सर्वांची ऋणी आहे. जेवणाची कुपने नोंदणीच्या टेबलावर मिळतील. शाकाहारींनी हिरवे कुपन मागून घ्यावे.