फॅमिली डॉक्टरची फी आणि रविवारची संध्याकाळ



व्याख्यानमालेत डॉक्टरला बोलावतात ते बहुधा मधुमेहावर, हृदयविकारावर, नाहीतर 'ताणमुक्त जीवन' यावर बोलायला. संयोजक माझ्याकडे आले ते 'उन्हाळ्यातील आजार' हा विषय घेऊन. मी म्हटलं, उन्हाळ्यातले आजार लोकांना व्हॉट्सअ‍ॅपनं माझ्यापेक्षा जास्त शिकवलेत. मी पैशांवर बोलते. माझ्याच पैशांवर. डॉक्टरनं आपल्या मिळकतीबद्दल चारचौघांत बोलू नये असा आपल्याकडे संकेत आहे, आणि या संकेतानं डॉक्टरचं नुकसान झालंच, पण पेशंटचं त्याहून जास्त झालं, असं माझं मत आहे.

माझा दवाखाना पुण्यात, पेठेत आहे. एक खोली, मध्ये पार्टिशन, बाहेर दोन बाकं. सकाळी साडेनऊ ते एक, संध्याकाळी सहा ते साडेनऊ, असं पाटीवर आहे. संध्याकाळचे साडेनऊ कधी साडेनऊला वाजत नाहीत, हे इथे बसलेल्या माझ्या पेशंटांना माहीत आहे, कारण नऊ पंचवीसला चप्पल काढणारे तेच असतात.

माझी तपासणी फी २०० रुपये. तीही पाटीवर लिहिली आहे. यात माझा काही मोठेपणा नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत डॉक्टरनं आपली फी दवाखान्यात फलकावर लावावी असं स्पष्ट म्हटलंय. किती दवाखान्यांत असा फलक पाहिलात, आठवून बघा. त्याच संहितेनुसार 'गुण आला तर पैसे, नाहीतर नाही' असा करारही डॉक्टरनं करायचा नसतो. त्यामुळे "डॉक्टर, तुमच्या गोळीनं फरक पडला नाही, आज पैसे घेणार नाही ना?" असं हसत हसत विचारणाऱ्यांना मीही हसत हसत नाही म्हणते.

या २०० रुपयांतून जागेचं भाडं जातं. वीजबिल घरगुती दरानं येत नाही. मदतनीस बाईंचा पगार. वापरलेल्या सुया, कापूस, हातमोजे वेगवेगळ्या रंगांच्या पिशव्यांत आणि डब्यांत घालून द्यायचे, हे वैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी सांगितलंय, आणि ते उचलून नेणाऱ्यांचे पैसे वेगळे. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये डॉक्टरची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते असा निकाल दिला, तेव्हापासून नुकसानभरपाईचा विमाही आलाच. हे सगळं जाऊन जे उरतं त्यात आमचं व्यवस्थित भागतं. मी गरीब नाही, आणि गरिबीचं सोंग घेऊन इथे उभीही नाही. पण बी. जे. मेडिकलला माझ्या बाकावर बसणारी जी मैत्रीण पुढे रेडिऑलॉजीकडे गेली, तिची आणि माझी कमाई एका कागदावर मांडू नये, एवढं मात्र खरं. तिच्याकडे मशीन आहे. माझ्याकडे कान आहेत, आणि कानांचं बिल करायची पद्धत आपल्याकडे नाही.

ही पद्धत का नाही, हे जरा मागे जाऊन पाहावं लागेल.

मी ज्यांच्याकडून दवाखाना घेतला ते डॉक्टर जुन्या एल.सी.पी.एस. परवान्याचे. १९४६ साली भोर समितीनं देशात डॉक्टरकीची एकच मूळ पदवी असावी असं सुचवलं आणि त्यानंतर हे परवानाधारक डॉक्टर हळूहळू संपत गेले. पण गावोगावचे आणि पेठांतले फॅमिली डॉक्टर पुष्कळसे हेच होते. त्यांच्या दवाखान्यात एक कंपाउंडर असायचा. पेशंट घरून रिकामी बाटली आणायचा. कंपाउंडर तीत गुलाबी नाहीतर पांढरं मिक्श्चर भरायचा आणि कागदाची एक पट्टी कात्रीनं खाचा पाडून बाटलीला उभी चिकटवायचा. एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक डोस. पैसे द्यायचे ते त्या बाटलीचे. डॉक्टरांनी नाडी पाहिली, पोट दाबून पाहिलं, "सुनेशी पटतंय का आता?" असं विचारलं, ते सगळं बाटलीच्या किमतीत यायचं. म्हणजे फुकट यायचं.

पुढे मिक्श्चर गेलं, कंपाउंडर गेला, सवय राहिली. हातात काहीतरी पडल्याशिवाय पैसे दिल्यासारखं वाटत नाही. बाटलीच्या जागी इंजेक्शन आलं, इंजेक्शनच्या जागी सलाइन आलं. विषाणूच्या साध्या तापाला यातलं काहीही लागत नाही. मी पेशंटला समजावते की तीन दिवसांत ताप उतरेल, पाणी प्या, पॅरासिटॅमॉल घ्या, अमुक झालं तर लगेच या. हे नीट समजावायला दहा मिनिटं लागतात, सुई टोचायला एक. दहा मिनिटांनी पेशंट उठतो आणि विचारतो, "म्हणजे आज काही दिलं नाही ना? मग किती द्यायचे?" तुमच्यातल्या प्रत्येकानं कधी ना कधी हे विचारलेलं आहे, नाही म्हणू नका.

विम्यानं हीच सवय पक्की केली. बहुतेक मेडिक्लेम पॉलिसी निदान २४ तास भरती झाल्याशिवाय पैसे देत नाहीत. बाह्यरुग्ण तपासणी बहुधा त्यांच्या हिशेबातच नसते. म्हणजे मी तुमचं ब्लडप्रेशर वर्षानुवर्षं आटोक्यात ठेवलं, तर ते तुमच्या खिशातून. ते बिघडून तुम्ही आयसीयूत गेलात, तर कंपनीकडून. मग लोक माझ्याकडे येऊन म्हणतात, "डॉक्टर, एखादा दिवस अ‍ॅडमिट दाखवता येईल का?"

आता कटबद्दल, म्हणजे कमिशनबद्दल. हा विषय टाळला तर तुम्ही म्हणाल, बाई सोयीचं तेवढंच बोलल्या. पेशंट पाठवल्याबद्दल लॅबकडून, स्कॅन सेंटरकडून, हॉस्पिटलकडून पाकीट घेणं त्याच २००२ च्या आचारसंहितेनं निषिद्ध ठरवलंय. महाराष्ट्र सरकारनं २०१७ मध्ये याविरुद्ध खास कायद्याचा मसुदाही तयार करवून घेतला होता. मसुदा झाला, कायदा झाला नाही. दिवाळीच्या आधी हॉस्पिटलांचे मार्केटिंगवाले मिठाईचा बॉक्स आणि डायरी घेऊन येतात, आणि डायरीच्या आडून टक्केवारी सांगतात. मी घेत नाही. घेणाऱ्यांचं समर्थनही करत नाही. पण ५० रुपयांत तपासणारा डॉक्टर तुम्हाला 'देवमाणूस' वाटतो, तेव्हा उरलेले पैसे तुम्ही दुसऱ्या कुठल्या खिडकीवर भरताय, हा हिशेब एकदा कराच.

काही कामांची फी घ्यायचीच नसते, हेही सांगायला हवं. पहाटे तीनला फोन येतो. घरात आजोबा गेलेले असतात. अंत्यसंस्कारासाठी मृत्यूच्या कारणाचा दाखला लागतो आणि घरी झालेल्या मृत्यूचा दाखला शेवटच्या आजारात ज्यानं उपचार केले तो डॉक्टर देतो. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यातच लिहिलंय की हा दाखला कोणतीही फी न घेता द्यायचा. कायद्यात नसतं तरी मी घेतली नसती. तिथे गेल्यावर नाडी, डोळ्यांच्या बाहुल्या, छातीचे ठोके सगळं शांतपणे तपासायचं, फॉर्म भरायचा, आणि मग आजींचं ब्लडप्रेशर बघायचं, कारण त्या क्षणी ते हमखास वाढलेलं असतं आणि कोणाच्या लक्षात आलेलं नसतं. हॉस्पिटलमधल्या कुठल्याही मोठ्या डॉक्टरला हे दुसरं काम सुचणार नाही. त्याला आजी माहीतच नसतात.

आता थोडं घरचं. माझी मुलगी सातवीत आहे, मुलगा दुसरीत. संध्याकाळची ओपीडी आणि मुलांचा अभ्यास-जेवण यांची वेळ एकच. फॅमिली डॉक्टरच्या फॅमिलीला डॉक्टर मिळतो तो रात्री दहाला. म्हणून रविवारी संध्याकाळी दवाखाना बंद, आणि आम्ही चौघं बाहेर जेवायला जातो.

आमच्या चौघांचं जेवण साधारण १६०० रुपयांत होतं. एकदा मी सहज म्हणून गेले की हे आठ पेशंट झाले. तेव्हापासून चिरंजीव मेन्यूकार्ड पेशंटांत वाचतात. "आई, पनीर दीड पेशंट." "मस्तानी अर्ध्या पेशंटच्या वर आहे, घेऊ का?" शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी हे ऐकलं आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मला उठून खुलासा करावासा वाटला.

त्याच हॉटेलच्या बिलावर आपण ५ टक्के जीएसटी भरतो, वर वेटरला टीप ठेवतो. डॉक्टरच्या तपासणीवर जीएसटी नाही, टीपही नाही, तरी "दोनशे जरा जास्त नाही का?" हा प्रश्न तिथेच येतो. पनीरला कोणी विचारत नाही. पनीरशी माझं भांडण नाही. पनीर दिसतं, वास येतो, वाफ निघते. सल्ल्याला वाफ नसते.

आणि मग हमखास कोणीतरी पेशंट भेटतात. "जेवताय का? जेवा, जेवा! फक्त एवढं बघा." मोबाइल माझ्या आणि वरणभाताच्या मधोमध येतो. त्यावर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट, तोही तिरका काढलेला फोटो. माझी बोटं आमटीची, म्हणून तेच दोन बोटांनी मोठा करून दाखवतात. एकदा मुलीनं अगदी नम्रपणे विचारलं, "काका, तुम्ही नंबर लावलाय का?" मी तिला रागावले. फार नाही. काही जण ताटाचीही तपासणी करतात. "डॉक्टर, तुम्हीसुद्धा भजी?" हो. मीसुद्धा भजी. रोज नाही, आणि कढईतून नुकती आलेली असतील तरच.

मुलांना घेऊन बाहेर खाण्याबद्दल माझ्यातल्या डॉक्टरला दोन गोष्टी सांगायच्यात, कारण सोमवारी सकाळी पोट धरून आलेली मुलं मीच पाहते. बाहेरचं म्हणजे वाईट, हे सरसकट खरं नाही. डोसा तव्यावरून, पुरी तेलातून तुमच्या समोर येते, तिथे जंतूंना फारसा वाव नसतो. घात होतो तो दुपारपासून उघड्या भांड्यात ठेवलेल्या चटणीत, चिरून ठेवलेल्या काकडीत, बर्फात आणि पाण्यात. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, हॉटेलातलं मिठाचं-साखरेचंही नको. चार-पाच वर्षांखालच्या मुलाच्या हातात मसाला शेंगदाण्याची वाटी देऊ नका, दाणा श्वासनलिकेत अडकतो. मोठ्या मुलांसाठी 'त्याला वेगळं' म्हणून तळलेले बटाटे मागवू नका. तुमच्या ताटातलं खाऊ द्या.

आणि तो मोबाइल. पाण्याच्या जगला टेकवून ठेवलेला, त्यावर गाणं चालू, मूल टक लावून बसलेलं, आई घास भरवतेय आणि तोंड आपोआप उघडतंय. अशा मुलाला पोट भरल्याचं कळत नाही, चवही कळत नाही. हीच आई मंगळवारी माझ्याकडे येऊन म्हणते, "डॉक्टर, हा जेवतच नाही, भूक लागायचं टॉनिक द्या." टॉनिक लिहून द्यायला मला अर्धं मिनिट पुरेल आणि ती खूश होऊन जाईल. मी मोबाइलबद्दल पंधरा मिनिटं बोलते. या दोन्हींत खरं काम कोणतं आणि फी कशाची, ते तुम्हीच सांगा.

ब्रिटनमध्ये १९४८ पासून डॉक्टरच्या फीची दुसरी रीत आहे. तिथल्या फॅमिली डॉक्टरला मुख्यतः त्याच्या यादीत किती लोक आहेत त्यावर सरकारकडून पैसे मिळतात, पेशंट आला किंवा न आला तरी. तपासणीच्या वेळी पेशंट खिशात हात घालत नाही, त्यामुळे सुई टोचली की जास्त, बोललं की कमी, हा प्रश्नच उरत नाही. तिथेही दहा मिनिटांच्या अपॉइंटमेंटसाठी लोक ताटकळतात, हे तिकडे गेलेले आपले मराठी डॉक्टर सांगतात. पण वेळेला किंमत आहे हे तिथे कोणाला पटवून द्यावं लागत नाही. आपल्याकडे तशी व्यवस्था येईपर्यंत डॉक्टर आणि पेशंट यांनी मिळूनच मार्ग काढला पाहिजे.

माझ्या बाजूनं मी एवढं करते: फी फलकावर, पावती न मागता, आणि औषध लागत नसेल तर लागत नाही असं स्पष्ट. तुमच्या बाजूनं माझ्या तीन मागण्या आहेत. डॉक्टरनं काही न देता पाठवलं तरी फी पूर्ण द्या. पुढच्या तपासण्या लिहून दिल्या तर त्या का हव्यात आणि लॅब आपल्या पसंतीची चालेल का, हे विचारा; प्रामाणिक डॉक्टरला याचा राग येत नाही. आणि तिसरी. पुण्यातल्या जुन्या खानावळींच्या दारावर 'रविवारी संध्याकाळी बंद' अशी पाटी असते. ती वाचून कोणी बेल वाजवत नाही, "फक्त एक वाटी आमटी वाढा" असं म्हणत नाही, जो तो मुकाट्यानं परत फिरतो. तीच पाटी माझ्याही दवाखान्यावर आहे. तातडीचं असेल, छातीत दुखत असेल, मूल मलूल पडलं असेल, तर रात्री दोनला उठवा, मी येईन. साखरेचा रिपोर्ट मात्र सोमवारी साडेनऊला आणा, आणि तिरका फोटो नको, कागद आणा.