काटा कधी हलतो ते बघा

इंदूरला एका कारखान्याच्या बॉयलरवर मी २६ वर्षं काढली. दहा किलो दाबाची वाफ. काटा जरा इकडचा तिकडे झाला की हातातला चहा ठेवून उठायचं. आणि तरीही लीड्सला मुलीच्या स्वयंपाकघरातल्या, भिंतीवरच्या कपाटात मावणाऱ्या बॉयलरनं मला दोन दिवस वेड्यात काढलं. सांगायला लाज वाटते. पण तुमच्यापैकी अनेकांची मुलं तिकडे आहेत, थंडीत तुम्हीही जाता, म्हणून सांगतो.

जानेवारी महिना, नात तीन आठवड्यांची. पहाटे घर गार पडलेलं असायचं, बॉयलरचा काटा शून्याजवळ आणि बॉयलर बंद. जावईबापू उठायचे, खालचा कॉक उघडून मेनचं पाणी आत घ्यायचे, काटा सव्वावर आला की कॉक बंद. घर परत तापायचं. आधी हे आठवड्यातून एकदा व्हायचं, मी पोचलो तेव्हा रोज. मुलगी म्हणाली, "बाबा, एवढंच तर करायचं असतं."

एवढंच नसतं. नाव बॉयलर असलं तरी यात पाणी उकळत नाही. ते ६०-७० अंशांपर्यंत तापतं, पंप ते रेडिएटरांमधून फिरवतो आणि तेच पाणी परत येतं. चक्र बंद असतं. काटा थंड असताना साधारण १ ते १.५ बारवर हवा, आणि महिनोन् महिने तिथंच राहायला हवा. (बार म्हणजे आपला किलोच समजा.) रोज पाणी भरावं लागतं म्हणजे रोज ते कुठूनतरी बाहेर जातंय. शिवाय नव्या पाण्याबरोबर नवा ऑक्सिजन आत येतो, रेडिएटर आतून गंजतात, काळा गाळ तयार होतो आणि तो पंपात जाऊन बसतो. पाण्यात घातलेलं गंजरोधक औषधही पातळ होत जातं.

मग मी गळती शोधायला निघालो. प्रत्येक रेडिएटरच्या व्हॉल्व्हला टिश्यू पेपर गुंडाळला, पितळेवर हिरवट डाग आहेत का बघितलं, गालिचा उचलून वरच्या मजल्याच्या दोन फळ्यासुद्धा काढल्या. सगळं कोरडं ठणठणीत. मुलगी वैतागली, "बाळ आत्ता झोपलंय, ठोकाठोक पुरे!"

माझी चूक अशी झाली, की शून्यावरचा काटा बघून मी निष्कर्ष काढला. तो शून्यावर कसा आला, हे बघितलंच नव्हतं. कारखान्यात एखाद्या पोरानं असं केलं असतं तर मी त्याला झापलं असतं.

तिसऱ्या रात्री नातीला खांद्यावर घेऊन स्वयंपाकघरात फेऱ्या मारत होतो. हीटिंग नुकतंच सुरू झालं होतं. काटा सव्वावर होता. बघता बघता दोन, अडीच, आणि वीसेक मिनिटांत तीनला टेकला. तिथं डोक्यात प्रकाश पडला.

घरातल्या पाइपांत आणि रेडिएटरांत १०० लिटर पाणी आहे असं धरा. ते १० अंशांवरून ७० अंशांवर गेलं की दोन लिटरांहून जरा जास्त फुगतं. या दोन लिटरांना जागा हवी. त्यासाठी बॉयलरच्या आत एक पत्र्याची टाकी असते, एक्स्पान्शन व्हेसल. तिच्या मधोमध रबराचा पडदा, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा. पाणी फुगलं की हवा दबते. हवा निघून गेली तर दाबायला काही उरत नाही आणि काटा सरळ तीनवर जातो. तिथं सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो, कुकरला असतो तसाच, आणि पाणी भिंतीतून बाहेर काढलेल्या तांब्याच्या नळीतून निघून जातं. निवल्यावर तेवढं पाणी कमी, म्हणून काटा शून्यावर. आम्ही भरत होतो आणि बॉयलर फेकत होता.

बाहेर जाऊन त्या नळीच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी सैल बांधली. सकाळी पिशवीत पाणी.

पुढचं काम माझं नव्हतं. ब्रिटनमध्ये गॅसच्या बॉयलरवर काम करायला गॅस सेफ रजिस्टरमध्ये नाव असावं लागतं. इंदूरचा अनुभव तिथं चालत नाही, आणि चालू नये. आलेल्या मुलानं बॉयलर बंद करून दाब शून्यावर आणला आणि टाकीच्या व्हॉल्व्हची पिन दाबली. मोटारीच्या टायरला असते तशीच पिन. हवा आली असती तर पंपानं भरून भागलं असतं. पाणी आलं, म्हणजे पडदा फाटलेला. टाकी बदलली आणि सेफ्टी व्हॉल्व्हही, कारण एकदा उघडलेल्या व्हॉल्व्हच्या बैठकीत कचरा अडकतो आणि तो मग ठिबकत राहतो.

आता तुमच्या घरी काटा वेगळा वागत असेल तर. तापल्यावर फार चढत नाही, बाहेरची नळी कोरडी, आणि तरी हळूहळू उतरतो, तर मात्र खरंच गळती आहे. रात्री बॉयलर बंद करून निवू द्या आणि त्याच्या खाली रेडिएटरांकडे जाणाऱ्या-येणाऱ्या पाइपांवरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा. सकाळी काटा जागेवर असेल तर गळती घराच्या पाइपांत. उतरला असेल तर बॉयलरमध्ये. पुन्हा चालू करण्याआधी दोन्ही व्हॉल्व्ह आठवणीनं उघडा. रेडिएटरमधली हवा काढल्यावर दाब थोडा उतरतो, ते स्वाभाविक आहे, एकदा भरलं की झालं. उलट, सगळं थंड असताना काटा आपोआप चढत असेल, तर पाणी भरायचा कॉक नीट बंद झालेला नाही. भरायची नळी सोडवून ठेवूनही चढला, तर नळाचं पाणी तापवणाऱ्या प्लेट हीट एक्स्चेंजरला आतून भोक पडलंय, मेनचं पाणी तिथून घुसतंय.

आणि मेकॅनिकला फोन करण्याआधी दोन दिवस कागदावर मांडा: थंड असताना किती, तापल्यावर किती, बाहेरची नळी ओली की कोरडी. आलेल्या मुलानं आमचा कागद वाचला आणि थेट टाकीकडेच हात घातला.

मुलीनं तो कागद फ्रिजवर लावून ठेवलाय. परवा फोनवर मी बाळाची चौकशी करायच्या आधीच ती म्हणाली, "बाबा, थंड असताना सव्वा, तापल्यावर पावणेदोन. आणि हो, बाळ बरं आहे."