शेजारचा अणू

देवनारच्या मुलांना ‘अणू’ पुस्तकाआधी पत्त्यात भेटतो. शेजारी अणुशक्तीनगर, पुढे ट्रॉम्बे. तिथेच ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही भारताची पहिली अणुभट्टी सुरू झाली. अणू इतका शेजारचा, पण ओळख होत नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीने विचारलं, “बाई, परमाणू अणूपेक्षा मोठा असतो का?” ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या हिंदी नावात तिने ‘परमाणु’ वाचलं होतं. हिंदीतला परमाणु म्हणजे मराठीतला अणू, आणि हिंदीतला अणु म्हणजे आपला रेणू. पोर अडखळली ती शब्दाला, विज्ञानाला नव्हे.

मुलं कुठे अडखळतात हे ज्याला दिसतं, तोच त्यांच्यासाठी विज्ञान लिहू शकतो. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या काहींनी हे काम आपलं मानलं. डॉ. बाळ फोंडके तिथलेच संशोधक. विज्ञानकथा आणि लेखांतून त्यांनी मराठी वाचकाला विज्ञानाची गोडी लावली. आल्हाद आपटे यांनीही तिथे काम केलं आणि ‘भारतीय अणुगाथा’ लिहून आपल्या अणुकार्यक्रमाची कहाणी मराठीत आणली.

अशा लेखनाची गरज किती, ते ‘अर्धायुष्य’ या शब्दावरून कळतं. थायरॉइडच्या उपचारात वापरतात त्या आयोडीन-१३१चं अर्धायुष्य सुमारे ८ दिवस. तीच मुलगी चटकन म्हणाली, “म्हणजे १६ दिवसांत सगळं संपलं!”

मी ८० नाणी डब्यात खुळखुळवून सतरंजीवर ओतली. एक नाणं म्हणजे एक अणू; छापा पडेल ते विघटन पावलं, म्हणून बाजूला. एक फेरी म्हणजे ८ दिवस. पहिल्या फेरीनंतर ४३ उरली. दुसरीनंतर, म्हणजे १६ दिवसांनी, सतरंजीवर १९ नाणी तशीच होती. मुलगी बघत राहिली. मग स्वतःच म्हणाली, “दर वेळी उरलेल्यातली निम्मी जातात!” आणि एका नाण्यावर बोट ठेवून तिने विचारलं, “हे कधी जाईल?”

ते कोणालाच सांगता येत नाही. पुष्कळ अणूंतले निम्मे किती काळात जातील, हे पक्कं ठाऊक असतं. एकट्या अणूची वेळ नाही. विसाव्या शतकातल्या भौतिकशास्त्राला पडलेल्या प्रश्नापाशी ही मुलगी सतरंजीवर बसून, आपल्या भाषेत पोचली होती.

आता ती मुलगी पुस्तकं मागते आहे. तिच्या हाती द्यायला मराठीत आणखी पुस्तकं हवीत. ती लिहू शकणारी माणसं तर इथे शेजारीच राहतात.