तास सुटलेला नांगर

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवांत, रुग्णभेटीस जाणाऱ्या बंधुभगिनींपुढें केलेलें भाषण)



या आनंदाच्या दिवसांत आम्ही एका कष्टाच्या विषयावर बोलणार आहों. आपण इस्पितळांत कर्करोग्यांच्या उशाशीं बसतां. तेथें आपणांस हा प्रसंग आज ना उद्यां येईलच.

दुपारीं नातवाशीं गोड बोललेला आजा मध्यरात्रीं पत्नीस ओळखीत नाहीं, भिंतीवर मुंग्या पाहतो, हातांतील नळी उपटतो. आपले वाडवडील यास ‘वात झाला’ म्हणत. डॉक्टर ‘डेलिरियम’ म्हणतात. हा शब्द लॅटिन आहे. ‘लीरा’ म्हणजे नांगराचें तास. त्या तासांतून नांगर बाहेर जाणें, हा त्याचा मूळ अर्थ. शेतकऱ्यांच्या लेकरांस अधिक काय सांगावें? बैल तेच, नांगर तोच, शेतहि तेंच. केवळ तास सुटलें आहे.

तें कां सुटतें? मॉर्फीनसारखें वेदनाशामक, झोपेचें औषध, जंतुसंसर्ग, रक्तांत वाढलेलें कॅल्शियम, अंगांतील पाणी आटणें, तुंबलेली लघवी, कधीं मेंदूंत पोहोंचलेला रोग, अशीं कारणें असतात. पुष्कळदां एकाहून अधिक. हीं सारीं शरीराचीं कारणें होत. यांत बाहेरची बाधा नाहीं, आणि जुन्या पापाचा उद्रेकहि नाहीं. कारण सांपडून उपचार झाल्यास, बळावलेल्या कर्करोगांतहि सुमारें निम्म्या वेळां हा भ्रम उतरतो. अखेरच्या दिवसांत मात्र तो बहुतेकांस होतो, आणि तेव्हां तो नेहमीं उतरतोच असें नाहीं.

दुसरा एक प्रकार मुका आहे. रोगी निपचित पडून राहतो, उत्तर अर्धवट देतो. घरचीं माणसें म्हणतात, ‘आज बरी झोप लागली.’ हा प्रकार सहज नजरेंतून सुटतो. म्हणून रोग्यांत एकाएकीं पालट दिसला, कीं ‘काल हे असे नव्हते’ एवढें वाक्य परिचारिकेस तत्काळ सांगावें. तें सांगणें घरच्या माणसासच शक्य असतें.

आतां आमचीच एक चूक सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं एक विधवा आमच्याकडे आली. पतीनें शेवटच्या आठवड्यांत तिला म्हटलें होतें, ‘तूं मला विष घालतेस.’ ती म्हणाली, ‘फादर, चाळीस वर्षांच्या संसाराचा हाच का निवाडा?’ आम्हीं तिला क्षमा करण्यास सांगितलें. क्षमा अपराधाची असते. येथें अपराधच नव्हता. तें तिच्या पतीचें मत नव्हतें, त्याच्या आजाराचें लक्षण होतें. हें आम्हांस ठाऊक असतें, तर तिचें ओझें त्याच दिवशीं उतरलें असतें.

न्यूयॉर्क येथील एका कर्करोग इस्पितळांतील अभ्यास २००२ सालीं प्रसिद्ध झाला. भ्रमांतून सावरलेल्या १०१ रोग्यांपैकीं ५४ जणांस तो अनुभव आठवत होता, आणि उशाशीं बसलेल्या जिवलगांचा क्लेश रोग्यांहूनहि अधिक आढळला. तेव्हां रोग्यास कांहीं कळत नाहीं असें समजून त्याच्यादेखत बोलूं नये, आणि सांत्वन दोघांचेंहि करावें.

वाद घालूं नये. ‘मुंग्या नाहींत’ असें दहादां पटवूं नये. आपलें नांव सांगून हळू बोलावें. चष्मा व कानाचें यंत्र जवळ द्यावें, दिवसा उजेड व रात्रीं शांतता ठेवावी, ओळखीचें एक माणूस पाशीं असावें. मॉर्फीन आपल्या मनानें बंद करूं नये. मात्रा डॉक्टर ठरवितात. शांत करण्याच्या औषधासाठींहि हट्ट नको. ऑस्ट्रेलियांत २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, उपशामक शुश्रूषेंतील ज्या रोग्यांस हॅलोपेरिडॉल वा रिस्पेरिडोन दिलें, त्यांचा त्रास औषधाविना ठेवलेल्यांहून अधिक होता.

धर्मगुरूस वेळींच बोलवावें, कारण पापनिवेदनास शुद्ध मति लागते. परंतु शुद्धीवर असतां ज्यानें रुग्णाभ्यंग मागितला असता, त्यास तो भ्रमांतहि देतां येतो. धर्मसभेचा तसा नियमच आहे.

मनुष्यानें आयुष्यभर सरळ धरलेलीं तासें परमेश्वरानें पाहिलीं आहेत. शेवटच्या रात्रीं नांगर आडवा गेला, म्हणून तो त्या शेताचें मोल कमी करीत नाहीं. आपणहि करूं नये.