फडावरच्या मुलाची गोळी

शिक्षक बंधू-भगिनींनो,

शालेय आरोग्याच्या या अधिवेशनाचं अध्यक्षपद तुम्ही एका बालरोगतज्ज्ञाला दिलंत, याबद्दल मी ऋणी आहे. जंत हा विषय व्यासपीठावर सहसा कुणी काढत नाही, किळस वाटते. पण फिकट पापण्यांची, दुसऱ्या तासालाच पेंगणारी मुलं तुमच्या डोळ्यांसमोर रोज असतात. त्यांच्यासाठी आज मी हाच विषय घेतला आहे.

राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ साली सुरू झाला. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट या दिवशी १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोल देतात. ४०० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन वर्षांखालच्यांना अर्धी. मुलाला समोर उभं करून गोळी चावून खायला लावणं आणि मगच नोंद करणं, हे काम तुम्ही करता म्हणून ही मोहीम चालते. मात्र गोळी आज पोटात असलेले जंत मारते, उद्याचे अडवत नाही. गोल जंताची एक मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते. ती शौचावाटे मातीत जातात, काही आठवड्यांत संसर्गाला तयार होतात आणि ओलसर मातीत वर्षानुवर्षं टिकू शकतात. आकडेकृमीची अळी तर अनवाणी पायाच्या कातडीतूनच आत शिरते आणि पुढे आतड्याला चिकटून रक्त पिते. आणि समजूत काहीही असो, गूळ खाल्ल्याने जंत होत नाहीत. त्यावरून आईला बोल लावू नका.

फेब्रुवारीची फेरी येते ती ऐन गळीत हंगामात. बीडसारख्या जिल्ह्यांतली कुटुंबं दिवाळीच्या आसपासच ऊसतोडीला गेलेली असतात आणि अनेकांची मुलंही बरोबर असतात. राहायला कोपी, म्हणजे झोपडी. शौचाला उसाच्या सरीत जायचं आणि त्याच मातीत अनवाणी खेळायचं. जंतांना याहून सोयीची जागा कुठली? गोळीच्या दिवशी हे मूल गावच्या शाळेत गैरहजर असतं आणि कारखान्याजवळच्या शाळेच्या पटावरही नसतं. राहिलेल्यांसाठीचा पुढचा मॉप-अप दिवसही त्याच्याविना जातो. पटाबाहेरच्यांना अंगणवाडीत गोळी मिळावी अशी सोय आहे, पण उसाच्या फडावरून त्याला तिथवर आणणार कोण? ज्याला गोळीची सर्वांत जास्त गरज, तेच मूल सुटतं. मला हे सहन होत नाही.

दुसरी गोष्ट हातांची. पोषण आहाराची रांग लागते तेव्हा किती शाळांत नळाला पाणी असतं? साबण असला तर तो चोरीला जाईल म्हणून कपाटात असतो. जाळीच्या पिशवीत बांधून तो नळालाच टांगा. सॅनिटायझरवर विसंबू नका, जंतांची अंडी त्याने मरत नाहीत. ती साबणाने चोळून, पाण्याने धुऊन काढावी लागतात, नखांखालचीसुद्धा.

म्हणून या अधिवेशनाच्या ठरावांत दोन मागण्या असाव्यात, अशी माझी विनंती आहे. साखर कारखान्यांच्या परिसरातल्या शाळांनी फेब्रुवारीत आशाताईंसह फडावर जाऊन गोळ्या द्याव्यात आणि त्याची नोंद मुलाच्या मूळ शाळेला कळवावी. आणि शाळा तपासणीत वर्गखोल्यांच्या आधी शौचालयातलं पाणी आणि नळाजवळचा साबण पाहिला जावा.