पावसाळ्याआधी वायपर पाहून घ्या

ओतूर-आळेफाट्याकडची भाजी संध्याकाळी पिकअपमध्ये भरायची आणि रातोरात माळशेज घाट उतरून कल्याणच्या बाजारात न्यायची, हा तिकडच्या अनेकांचा नेम आहे. आषाढात त्या घाटात मुसळधार पाऊस, धुकं, आणि समोरून गाड्यांचे दिवे. अशा वेळी वायपर खर्र-खर्र करीत, उड्या मारीत फिरला, की दोन उड्यांच्या मधलं पाणी काचेवर तसंच राहतं. समोरचा प्रकाश त्या पाण्यात फुटतो आणि वळणावरचा कठडा दिसत नाही. आवाज कसाही सोसता येईल, हे सोसता येणार नाही.

ही थरथर का होते? अंगण झाडताना खराट्याचे शेंडे हाताच्या मागून घसटत येतात. तोच खराटा शेंड्यांकडून पुढे ढकलून पाहा, तो उड्या मारतो. वायपरच्या रबराची पातळ कड अशीच मागे कलून चालावी लागते, आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी दुसऱ्या अंगाला उलटावी लागते. ती उलटली नाही, की वायपर अडखळतो.

काचेवर पाणी टाका, वायपर चालू करा आणि नीट बघा. जाताना-येताना, दोन्ही वेळा थरथरत असेल, तर बहुधा काच तेलकट आहे किंवा रबर कडक झालं आहे. एकाच बाजूला जाताना थरथरत असेल, तर दांडी पिळली आहे असं समजा.

आधी सोपं काम. काच साबणाच्या पाण्यानं दोनदा धुवा. डिझेलच्या धुराचा थर नुसत्या पाण्यानं निघत नाही. काचेवर तंबाखू किंवा बटाटा चोळणारे ड्रायव्हर तुम्ही पाहिले असतील. अडल्या वेळी ठीक आहे, पण त्याचा चिकटा नंतर धुवून काढावाच लागतो. मग ओल्या फडक्यानं रबराची कड पुसा, काळं निघायचं थांबेपर्यंत. रबराला रॉकेल, डिझेल किंवा ग्रीस मुळीच लावू नका. त्यानं रबर फुगतं आणि मऊ पडतं. उन्हाळाभर गाडी उन्हात उभी राहिली असेल, तर रबर बोटानं वाकवून पाहा. चिरा दिसल्या तर ते बदलायचं, घासत बसायचं नाही.

आता दांडी. वायपर काचेच्या मध्यावर आला की चावी बंद करा. ब्लेड काढा. काढण्यापूर्वी काचेवर जाड गोणपाट पसरा, कारण स्प्रिंगच्या जोरानं उघडी दांडी आपटली तर काच तडकते आणि दोनशेचं काम काही हजारांवर जातं. दांडीचं टोक बाजूनं पाहा. त्याचा सपाट भाग काचेला समांतर हवा. तिरका असेल तर दांडी काचेपासून वर उचलून धरा, एका पक्कडीनं वरच्या बाजूला घट्ट पकडा आणि फडकं गुंडाळलेल्या दुसऱ्या पक्कडीनं टोक अगदी थोडं उलट पिळा. ब्लेड लावून पाहा, लागलं तर पुन्हा थोडं. घाई केली तर दांडी मोडते. हात बसलेला नसेल तर हे काम फिटरकडून करून घ्या. दांडीच्या बुडाचा नट ढिला आहे का, तेही त्याच वेळी बघा.

नवं ब्लेड आणायला जाताना जुनी दोन्ही सोबत न्या. पुष्कळ गाड्यांत उजव्या-डाव्या ब्लेडची लांबी वेगळी असते. मृग निघण्यापूर्वी हे काम उरकून घ्या.