खाऱ्या पाण्याच्या टाकीचं विरजण

शोभेच्या समुद्री माशांचा धंदा आता किनाऱ्यापुरता राहिलेला नाही. नवी मुंबईत ऐरोलीला त्यांची पैदास होते. लक्षद्वीपच्या आगत्ती बेटावरच्या बायका शोभेची कोळंबी वाढवतात. बार्शीला समुद्र नाही, पण मत्स्यटाकीचं खास मीठ मिसळून खारं पाणी घरी होतं, लिटरला साधारण ३५ ग्रॅम. जेवणातलं मीठ इथं चालत नाही.

मासे महाग, त्यात पैसा गटाच्या कर्जाचा. म्हणून आज आपण एकाच गोष्टीवर बोलू.

गोठा झाडला नाही की नाकाला झोंबतो तो अमोनिया. मासेही तोच पाण्यात सोडतात. पाण्यात वास येत नाही, पण थोडासुद्धा त्यांना विषच. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते मासे बरंच सोसतात. हे जिवाणू आपोआप वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. बाटलीतलं कल्चर टाकलं की हा काळ कमी होतो. विरजणच म्हणा ना! पण विरजण लावल्या-लावल्या दही होतं का? "आज टाका, आजच मासे सोडा" असं दुकानदार म्हणाला तरी थांबायचं.

हरभऱ्याचं रायझोबियम सोयाबीनला चालत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. तसंच गोड्या पाण्याचं कल्चर इथं नको, खाऱ्या पाण्याचंच मागा. मुदत बघा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात गाडीत राहिलेली बाटली मेलेलीच समजा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी काढा, नाहीतर तेच जिवाणूंना मारेल.

जिवाणूंनाही खायला लागतं. रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाका. ते कुजून अमोनिया होतो. तपासणीच्या थेंबांनी दर दोन दिवसांनी बघा, आकडे वहीत लिहा. अमोनिया चढेल, उतरेल, मग नायट्राइट चढेल. खाद्य चालू असताना दोन्ही शून्यावर टिकले, की पहिले एक-दोनच मासे सोडा. सगळे एकदम नकोत, जिवाणूंची संख्या माशांच्या मानानंच वाढते.

दुकानात जिवाणूंसाठी म्हणून प्रवाळाचा दगड दाखवतील. घेऊ नका, वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे तो गुन्हा आहे.

आणि हवेचा पंप रात्रंदिवस चालू हवा, या जिवाणूंनाही प्राणवायू लागतो. लाइट जाते तेव्हासाठी बॅटरीवरचा पंप पहिल्याच खर्चात धरा.